आईच्या शिलाई मशीनची पावती

मंडळी, आज सकाळी आईला सोबत घेऊन तिची शिलाई मशीन मानपाड्याच्या एका महिला वसतिगृहाला देऊन आले. आईला आता सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून तिनेच ठरवलं.

तिथल्या ऑफिसात मी विचारलं, "ताई, करसवलतीची ८०जीची पावती मिळेल ना? रिटर्न भरताना लागेल."

ताई हसल्या. "अगं, ती सवलत पैशाच्या देणगीला असते, वस्तूला नाही मिळत. साधी पोच देते, चालेल?"

मी जरा खट्टू झाले. तेवढ्यात आतल्या खोलीत कुणीतरी मशीन चालवून पाहिली. आई डोळे मिटून ऐकत राहिली. तिचा पाय जमिनीवर पायडल मारल्यासारखा हळूहळू हलायला लागला. ताईंनीही लिहिणं थांबवलं.

रिक्षात आई म्हणाली, "वाच ना, काय लिहिलंय."

"श्रीमती सुमनताई यांच्याकडून एक शिलाई मशीन, चालू स्थितीत, साभार मिळाली."

"परत वाच."

ठाकुर्ली येईपर्यंत मी चार वेळा वाचली.

टॅक्स वाचवायला या कागदाचा काडीचा उपयोग नाही. आत्ता आई तो उशाशी ठेवून गाढ झोपलीय, झोपेतही हसतेय. तुमच्या घरी आहे का असा एखादा कागद?