पुंजारामाने मानलेले आभार

अमेरिकेत कोण कोणाशी लढतंय हे उत्तमराव शेटजींना ठाऊक नव्हतं. पण ती लढाई थांबू नये म्हणून त्यांनी अमरावतीच्या अंबादेवीला नवस बोलून ठेवला होता. तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेटजींच्या बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या, दारात उंट आला. राहता राहिलं पुण्य. अकोल्याच्या एका व्यापाऱ्याने देवळाला कळस चढवल्याचं कळताच शेटजी तिरमिरीत उठले आणि त्यांनी आंधळ्या विद्यार्थ्यांसाठी राहायची जागा बांधली. देवळं काय, कोणीही बांधतं!

त्या जागेत अकोटच्या फुलमाळ्याचा पुंजाराम आला. लहानपणी देवी आल्या त्या डोळे घेऊनच गेल्या. विशीतला हा गडी गळ्याने गोड होता, पण बापाचा हात धरल्याशिवाय मळ्याबाहेर कधी पडलेला नव्हता.

तिथला दिवाणखाना बघणारे थक्क होत. मुंबईहून आणलेली झुंबरं, भिंतीभर आरसे. मागच्या विहिरीला मात्र कठडा नव्हता.

"कठड्याले कोन पाह्यते?" शेटजी म्हणत. "राह्यनाऱ्याइले तर दिसतच नाई."

पहिल्याच सकाळी पुंजाराम तोंड धुवायला निघाला आणि थेट विहिरीकडे चालू लागला. मागून कोणीतरी त्याची बंडी धरून खस्सकन ओढलं.

"अबे थांब! तिकडं शेटजीचा धर्म संपते."

हा गोवर्धन. मूर्तिजापूरचा, तोही आंधळा, पण जन्माचा. नव्या माणसाची पावलं भलत्या दिशेला वाजली की तो असा धावे. त्याने पुंजारामाचा हात एका दोरीवर ठेवला. खोलीपासून विहिरीपर्यंत आणि तिथून स्वयंपाकघरापर्यंत पोरांनीच ती बांधली होती. महिनाभर तो पुंजारामाच्या मागे मागे चालला, आणि एके दिवशी काही न सांगता मागे राहिला. पुंजाराम एकटाच चुलीपर्यंत पोचला आणि तिथे उभा राहून खुळ्यासारखा हसत सुटला.

चुलीपाशी मनकर्णाबाई असे. तोंडाने फटकळ, पण ताटात काय कुठे वाढलंय ते रोज न चुकता सांगणारी. पुंजाराम घास भरवण्याची वाट बघत बसला, तेव्हा ती म्हणाली, "माहा हात तुले जलमभर पुरनार हाय का? चाल, चाचप अन् खाय."

गाणं शिकवायला नत्थुजी होते. म्हातारे, आंधळे, मृदंगावर हुकमी हात. घरची आठवण येऊन पुंजाराम एकदा गाता गाता हुंदके देऊ लागला. नत्थुजींनी मृदंग थांबवला नाही. "रड लेका, रड. पन मात्रेत रड." पुंजाराम मात्रेत रडला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याचा सूर नीट लागला.

मग एक गोरा साहेब जागा बघायला येणार असं ठरलं. शेटजींना मानाची पगडी डोक्यावर चढल्यासारखी भासू लागली. मुनीमजींनी आभाराचं भाषण रचलं आणि पुंजारामाकडून घोटून घेतलं. त्यातलं शेवटचं वाक्य होतं: उत्तमराव हेच आमचे नेत्र!

पुंजाराम उभा राहिला. भाषण तोंडपाठ होतं. पण 'नेत्र' हा शब्द आठवताच मानेशी बंडीला बसलेला तो हिसका आठवला, आणि जीभ भलतीकडेच वळली.

"मले गोवर्धननं वाचवलं," तो म्हणाला. "मनकर्णामायनं मले माह्या हातानं जेवाले शिकवलं. नत्थुजीनं गळा देला. मी या तिघाइचा गुलाम हाओ. शेटजीनं आरसे लावले म्हन्तेत. असतीन."

साहेबाने मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजींनी घाम पुसत साहेबाच्या भाषेत उलथा केला, "म्हणतो, उत्तमराव हेच आमचे नेत्र." साहेबाने टाळ्या वाजवल्या, पुंजारामाला शाल दिली. त्यामुळे त्याला हाकलताही येईना. शेटजींनी दात खाल्ले आणि हसऱ्या तोंडाने हार घालून घेतला.

पुढे अंबादेवीने नवस काही मनावर घेतला नाही. लढाई संपली, भाव कोसळला. शेटजींनी आधी झुंबरं विकली, मग आरसे. आत राहणाऱ्या कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. जागाच विकली तेव्हा मात्र सगळे रस्त्यावर आले.

"चला माह्या घरी," पुंजाराम म्हणाला. तो पुढे, बाकीचे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून मागे. मनकर्णाबाई डोक्यावर भांडी घेऊन शेजारून चालत होती आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला शिव्या देत होती. अकोटच्या मळ्यात बापाने गोठा रिकामा करून दिला. गावोगावची भजनाची बोलावणी येऊ लागली, चूल पेटती राहिली.

एका एकादशीला मळ्यात भजन चाललं असताना उत्तमराव तिथे आले. पायी. मागे, अंधारात बसले. मनकर्णाबाईने ओळखलं आणि गुपचूप फराळाचं वाढलं. पुंजारामाला कळलं तेव्हा तो उठून त्यांच्यापाशी गेला, चाचपत त्यांचे पाय धरले. "शेटजी, तुमी छप्पर देलं म्हनून हे लोकं मले भेटले. तवा बोलाचं राह्यलं होतं."

गहिवर लपवायला शेटजी मोठ्याने अभंगात सामील झाले.

नत्थुजींनी मृदंगावरचा हात थांबवला. "कोन हाय थो? बापा, तू नुसत्या टाळ्या वाजव."