फणस आणि कानातला कापूस

मी चौथी नापास, पण पिकलेला फणस वाजवून ओळखण्यात वाडीत माझा हात धरणारा कोणी नाही. परवा अंगणात फणस वाजवत होतो, तर सावंतवाडीच्या शाळेत सातवीत शिकणारी माझी नात मलाच शिकवायला बसली. कच्चा फणस कडक असतो, तो भराभर थरथरतो म्हणून बारीक टणटणतो. पिकला की मऊ होतो, थरथर आतच जिरते आणि आवाज बसका येतो, असं तिचं म्हणणं.

"ह्या माझ्या बोटांक कळता गो," मी म्हटलं, "कानांचो काय संबंध?"

"मगे कानात कापूस घालून सांगा बघया!"

मी माघार घेणारा माणूस नव्हे. गच्च कापूस कोंबला, फणस वाजवला आणि "पिकलो!" म्हणून कोयता घातला. आत पांढरेफटक गरे आणि हातभर चीक. तशाच हातांनी कापूस काढायला गेलो, तर निम्मा कानात राहिला, निम्मा मिशीवर बसला. बायको खोबरेल तेल घेऊन आली. हसत असावी, मला ऐकू येत नव्हतं.

"माका भाजीच खावची होती," मी जाहीर केलं.

दोन दिवस कच्च्या गऱ्यांची भाजी खाल्ली. फणस बोटांनाच कळतो, हे मी अजूनही सांगतो. फक्त वाजवताना कान जरा जवळ नेतो.