रिकाम्या पाड्याचा कंडक्टर

माझ्या मैत्रिणीच्या सासऱ्यांइतका हळू चालणारा माणूस अख्ख्या जव्हार-मोखाड्यात नाही, आणि बंद दारांशी त्यांच्याइतक्या अदबीनं बोलणारा माणूस तर महाराष्ट्रातही नसावा. सरळ सांगते, पहिल्या भेटीत ते मला अजिबात आवडले नव्हते. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली, निवृत्त झाले, आणि घरी नातू खेळवायचा सोडून शहरातल्या माणसांना सूर्यमाळच्या पठारावरच्या पाड्यांमधून फिरवायला लागले. मी इथल्या कष्टकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहिते. ‘पर्यटन’ हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. पाण्याचा टँकर यायला रस्ता नाही म्हणतात, आणि रिसॉर्टवाल्याची गाडी बरोबर पोचते, हे मी लहानपणापासून बघतेय. तेव्हा ‘आमचे पाडे म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे!!!’ असं एक पत्रक लिहिलं आणि मुद्दाम नेऊन त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं, जुन्या सवयीनं कागदाचा कोपरा नखानं किंचित फाडला आणि मला परत दिलं. म्हणाले, “खरं आहे बाय सगळं. फक्त उद्गारचिन्हं जास्त चढलीत. दोन उतरव.”

मग म्हणाले, “ये की एकदा फेरीला. बघ आणि मग शिव्या दे.” सहलीला ते ‘फेरी’ म्हणत. एका ओसरीत दाटीवाटीनं बसतील तेवढीच माणसं घ्यायची, एकही जास्त नाही. जेवण ज्या घरी ठरलेलं असेल तिथं, नागलीची भाकर आणि उडदाची आमटी, पैसे थेट घरच्या बाईच्या हातात. फोन सुरुवातीलाच त्यांच्या चामडी पिशवीत जमा. निघताना टाळ्याला जीभ लावून “टिंग-टिंग” असा आवाज काढायचे, थांबताना एकच “टिंग”. आणि सगळ्यात हळू चालणारं माणूस सगळ्यात पुढं! मी गेले त्या फेरीत ठाण्याहून आलेला एक पैलवान गडी, दोन्ही हातांत काठ्या, मनगटावर धडधड मोजणारं घड्याळ, एका गुडघेदुखीवाल्या बाईंच्या मागे दिवसभर अडकला. दर थोड्या वेळानं घड्याळ बघायचा आणि उसासा टाकायचा. शेवटी कंडक्टर म्हणाले, “साहेब, घाई असेल तर पुढची गाडी बघा. उद्या सकाळी आहे.” दुसऱ्या एका बाईंनी पोरं दिसताच पर्समधून टॉफ्यांची पिशवी काढली. त्यांना म्हणाले, “आधी तुमच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहून अनोळखी पोरांना वाटून बघा. कोणी काही बोललं नाही तर इथं वाटा.” त्या क्षणी मी मनातल्या मनात त्यांना निम्मं माफ केलं होतं.

उरलेलं निम्मं मात्र पुढच्या पाड्यात अडलं. पाड्याचं नाव सांगणार नाही. का नाही, ते पुढं कळेलच. दिवाळी झाली की आमच्याकडचे पाडेच्या पाडे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोरं, कोंबड्या, भांडी, सगळं घेऊन. हा पाडा तसाच रिकामा झालेला. माघ-फाल्गुनातली भर दुपार. कारवीच्या भिंती, सारवलेली अंगणं, दारांच्या कड्यांना सुंभ गुंडाळून मारलेल्या गाठी. उखळात सागाची वाळकी पानं साठलेली. वारा नव्हता, तरी एका वळचणीला टांगलेली टोपली सावकाश फिरत होती. आणि मागे राहिलेली कुत्री. ती भुंकली नाहीत. हे मला अजून विसरता येत नाही. एकेका घराच्या सावलीतून उठली आणि आवाज न करता आमच्या मागे चालायला लागली, जणू तीही फेरीलाच आली होती.

कंडक्टरांनी पहिल्या दारापुढे “टिंग” केलं, टोपी काढली आणि घरधन्याच्या नावानं हाक मारली, “आहेस का रे? पाव्हणे घेऊन चाललोय.” मग थांबले. आतल्या माणसानं हातातलं काम खाली ठेवावं, हात पुसावे, दारापर्यंत यावं, एवढा वेळ थांबले. कोणी आलं नाही. येणार कुठून? पण त्यांनी समोर कोणी असल्यासारखी मान हलवली, “बरं बरं, निवांत,” म्हणाले आणि पुढच्या दाराशी गेले. तिथंही तेच. एका दारापुढे तर चक्क हसले, आतून कोणीतरी टोमणा मारल्यासारखे. माणसं एकमेकांच्या जवळ सरकायला लागली. ठाण्याचा पैलवान गुडघेदुखीवाल्या बाईंच्या अगदी पाठीला लागून चालत होता.

मी न राहवून म्हटलं, “काका, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे.”

“मग तू हाक नको मारू. नुसती थांब. थांबायला काय श्रद्धा लागत नाही.”

“रिकाम्या घरापुढे?”

“घर रिकामं झालं म्हणून त्याचा रस्ता होत नाही बाय. कोणाच्याही दारावरून न बोलता गेलं तर आपल्यात काय म्हणतात?” मग शहरातल्या माणसांकडे वळून म्हणाले, “भरलेला पाडा बघितलात, तसा हाही बघा. तुमच्या बिल्डिंगच्या विटा ह्यांनीच पाडल्यात. ह्यांना दर साली गाडीत चढवणारा मी.”

शेवटचं घर थोडं उंचावर होतं. त्याचं दारही बाहेरून सुंभानं बांधलेलं. कंडक्टरांनी हाक मारली, “आजे, हाईस ना?”

आणि आतून उत्तर आलं, “हां... हाय.”

आवाज जमिनीतून आल्यासारखा. कोणाचीतरी स्टीलची बाटली दगडावर पडून खडखडत खाली गेली. मी पत्रकं लिहिणारी, भूतबाधेवर शाळाशाळांतून बोलणारी. तीच मी सरकून पैलवानाच्या मागे गेले. कंडक्टर मात्र दाराकडे पाठ करून ओसरीवर बसले आणि गप्पा मारायला लागले.

आत एक म्हातारी होती. तिचं सगळं घर भट्टीवर, पण हिचे गुडघे गेलेले, भट्टीवर नेऊन ठेवायचं कुठं? शेजारच्या पाड्यातली भाची सकाळ-संध्याकाळ यायची, पाणी आणि भाकर द्यायची, तिला अंगणात बसवायची. जाताना दार बाहेरून बांधायची, कारण म्हातारीला उठून आतून लावता येत नव्हतं आणि उघडं राहिलं की कुत्री चुलीपर्यंत जायची. परक्यांनी आपल्याला बघावं हे तिला नको होतं. म्हणून कंडक्टर पाठ करून बसत. तिचा मुलगा भट्टीवरून दर संध्याकाळी कंडक्टरांना फोन करायचा. पाड्यात रेंज नाही, म्हणून त्याचा निरोप हे आईला सांगत आणि आईचा त्याला. फेरी असो नसो, हे रोज दुपारी तिथं जात. मुलाचा प्रश्न रोज एकच, “आई बोलली का?” ती बोलली असेल तर तो दुसऱ्या दिवशी विटांच्या चिखलात उभा राहू शकत होता. एवढंच सगळं त्या दारावर टांगलेलं होतं.

कंडक्टरांच्या पिशवीत सगळे फोन गेले, असं आम्हाला वाटलं होतं. एकानं दुसरा फोन खिशात ठेवला होता. आठवड्याभरात बाहेरून बांधलेलं दार, आतून येणारं “हां... हाय” आणि वर भेसूर संगीत असा व्हिडिओ सगळीकडे फिरला. नाव दिलं होतं ‘भुताचा पाडा’. माणसं पोटासाठी घर सोडून जातात, त्याची कोणाला भीती वाटली नाही. भीती म्हातारीची वाटली! मग गाड्या यायला लागल्या. भर दुपारी पोरं दार बडवायची, फटीतून टॉर्च मारायची, “बोल ना आजी, एकदा बोल,” म्हणून ओरडायची. भाची धावत आली तर तिचाच व्हिडिओ काढला. म्हातारी तिला एवढंच म्हणाली, “माला भूत म्हनतात?” आणि त्यानंतर तिचं बोलणं बंद झालं. भाचीनं दिलेलं खायची, मान हलवायची, पण तोंडातून शब्द नाही.

मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं, ‘ते भूत नाही, आमची आजी आहे!’ नाव, पाडा, भट्टी, सगळं घातलं. कंडक्टर वाचून म्हणाले, “हे छाप, म्हणजे उद्या भूत बघणारे येतायत त्यांच्या जोडीला आजी बघणारे येतील.” मला इतका राग आला की मी घरी जाऊन कागद टराटरा फाडला. राग त्यांचा नव्हता. ओरडायचं आहे आणि ओरडायला जागा नाही, याचा होता.

त्यांनी फेऱ्या बंद केल्या. फोनवर फोन येत होते, तोच पाडा दाखवा म्हणून. सगळ्यांना नाही म्हणाले. ट्रंकेतला खाकी शर्ट काढला, घातला आणि पाड्याच्या अलीकडच्या वळणावर दगडावर जाऊन बसले. गाडी आली की उठायचे, हात आडवा करायचे. “जागा नाही. पाडा भरलेला आहे.” मागे ती नुसती कडीबंद घरं, पायांशी ओळीनं बसलेली मुकी कुत्री आणि हा वाळका माणूस पुन्हा तेच म्हणतोय, “भरलेला आहे साहेब. उभं राहायलाही जागा नाही.” गाड्या उलट्या फिरायच्या, काही तर वळायलाही न थांबता रिव्हर्समध्ये. थोड्या दिवसांनी नवा व्हिडिओ आला, ‘मेलेल्या कंडक्टरचं वळण’. मैत्रिणीनं घाबरत घाबरत सासऱ्यांना दाखवला. ते खूश! “नोकरीत कधी मिळाली नाही, आता मिळाली बढती.”

पण गाड्या थांबल्या तरी म्हातारी बोलेना. संध्याकाळी मुलगा विचारायचा, “बोलली का?” आणि कंडक्टर म्हणायचे, “आज नाय.” मी म्हटलं, “काका, त्याच्या समाधानासाठी एकदा हो म्हणा.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं बिनतिकीट माणसाकडे पाहत असतील. हंगाम मोडून मुलाला येता येत नव्हतं. मालक सोडत नाही, आणि मालकाला विचारणारा कोणी नाही. त्यावरचं माझं पत्रक अजून लिहायचंय.

मग एका दुपारी मी त्यांच्याबरोबर गेले. मोहाची फुलं गळत होती; रिकाम्या अंगणांत कोणी हळूच पाऊल टाकावं तसे आवाज येत होते. आम्ही एकेका दारापुढे थांबलो. मी हाक मारली नाही, पण थांबले. शेवटच्या दाराशी त्यांनी विचारलं, “आजे, हाईस ना?” आत काही नाही. ते पाठ करून बसले. नेहमीप्रमाणे बोलायला लागले: मुलगा बरा आहे, नातीला खोकला होता तो गेला, परतीची गाडी मीच ठरवणार आहे. बोलत राहिले. ऊन ओसरीवरून खाली उतरलं. माझे पाय बधिर झाले. कुत्र्यांनी एकाच वेळी दाराकडे माना वळवल्या.

“त्ये गेलं का?” आतून, अगदी फळीला तोंड लावल्यासारखं.

कंडक्टर हलले नाहीत. “गेलं.”

“समदं?”

“समदं. मी हाय, आन् एक पोर हाय आपली.”

मग ती म्हणाली, “मंग बोलू नको रं. बस नुस्ता.”

आम्ही बसलो. किती वेळ ते मला माहीत नाही. आतून तिच्या श्वासाचा आवाज येत होता, एवढं माहीत आहे.

यंदा फेऱ्या नाहीत. पाडा परत आल्यावर सगळे बसतील आणि पुढं माणसं आणायची की नाही ते तेच ठरवतील. पाडा नको म्हणाला तर नको, असं कंडक्टर शांतपणे सांगतात. पण सांगताना त्यांचा हात नुसताच पिशवीच्या पट्ट्याशी खेळत असतो. त्या संध्याकाळी आम्ही रेंज येते त्या टेकाडावर चढलो तेव्हा फोन आलाच. मुलाचा आवाज मलाही ऐकू येत होता, “बोलली का?”

“बोलली,” कंडक्टर म्हणाले. “मला म्हणाली, गप बस.”

पलीकडून हसणं ऐकू येईल असं मला वाटलं. पण बराच वेळ फक्त ट्रकमध्ये विटा भरल्याचा आवाज येत राहिला, एकावर एक, एकावर एक. आणि कंडक्टर फोन कानाला लावून, टोपी हातात घेऊन, थांबले होते.