मला ऐकू न आलेलं वाक्य

त्या संध्याकाळी मी वणीला दिलेल्या धाकट्या बहिणीसाठी फोनवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करत होते. एवढ्यात मुलगी क्लासवरून आली, चाळीस मिनिटं उशिरा. तिचे बाबा नोकरीनिमित्त नागपूरला. घरात आम्ही दोघीच. मी फोन ओट्यावर ठेवून तिच्याकडे वळले. रेकॉर्डिंग चालूच राहिलं आणि नंतर घाईघाईत मी ते तसंच पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अंबडच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बहिणीचा फोन आला.

"ताई, पोरीला फार लागलंय का गं?"

"कोणाला लागलंय?"

"कालच्या मेसेजमध्ये तूच पाठवलंयस की. ऐक जरा."

कारखान्यात मी तयार भाग तपासते. बारीकसा ओरखडाही माझ्या नजरेतून सुटत नाही. जिन्यात उभी राहून मी फोन कानाला लावला. आधी साडीबद्दलचं माझं बोलणं, मग दाराचा आवाज, आणि मग तीच मी, पण आवाज ओळखू येईना. कुठे होतीस? फोन का नाही उचललास? कोणाबरोबर होतीस? मधेमधे मुलगी "आई, ऐक ना" म्हणत होती. चार वेळा म्हणाली. मग अगदी हळू, "आई, द्वारका चौकाजवळ गाडी घसरली. मी पडले." त्यावर लगेच माझा आवाज, "आधी फोन का नाही केलास ते सांग."

मला हे आठवतच नव्हतं. रात्री ती तिच्या खोलीत निघून गेली होती आणि सकाळी ती उठायच्या आत मी कामाला निघाले होते. काळजी वाटते म्हणून विचारते, एवढंच मी स्वतःबद्दल धरून चालले होते.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघाले. रिक्षात तिच्या दुखापतीपेक्षा वेगळीच भीती वाटत होती: हिने आजवर आणखी काय काय सांगितलं असेल, जे मी ऐकलंच नाही?

ती कॉलेजमधून लंगडतच आली. "दाखव," म्हटलं, तर म्हणाली, "काल सांगितलं होतं." रागाने नाही, सहज. गुडघा टम्म सुजला होता, जखमेला रुमाल चिकटला होता. एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं.

डॉक्टरांकडे बसलो असताना मी तिला रेकॉर्डिंगचं सांगितलं.

"पूर्ण ऐकलंस?"

"तीनदा."

"हल्ली मी अर्ध्यातच सोडून देते सांगायचं," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

मी तिला म्हटलं, माझी प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली की हात वर कर. पहिला आठवडाभर त्या हाताचाच मला राग यायचा. एकदा तर तिचा हात खाली ओढला, आणि मग स्वतःच बाजूच्या खोलीत जाऊन बसले. काळजी कमी झाली नाही. तिला उशीर झाला की अजून छाती धडधडते. फक्त आता तोंड उघडण्याआधी ती धडधड मला कळते.

मागच्या रविवारी पोहे खाताना ती म्हणाली, "आई, मी फिजिक्समध्ये नापास झालेय. दोन महिने झाले. आणि मला इंजिनीअरिंग नाही करायचं."

सात-आठ प्रश्न एकदम ओठांवर आले. मी चमचा खाली ठेवला आणि हात मांडीखाली दाबून धरले.

"अजून काही?" एवढंच विचारलं.

"आहे," ती म्हणाली, आणि माझ्या चेहऱ्याचा अंदाज घेत बोलू लागली. पोहे गार झाले. मी ऐकत राहिले.