शरदरावांना मी ‘थांबा’ म्हणालो

हे मी सुमतीलाही सांगितलं नाही. चाळीसहून जास्त वर्षांचा संसार—आणि ती गेली तेव्हाही तिला हेच वाटत होतं, की मी इंदूरच्या कुठल्याशा कंपनीसाठी भाषांतरं करतो.

भाषांतरं कसली? दोन हजारचं दशक अर्धं सरलं होतं. देवासच्या एका कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालो, घरी कॉम्प्युटर घेतला आणि हिंदीत ब्लॉग सुरू केला—स्त्रीपुरुष संबंधांवर. सरळच सांगतो, सेक्सवर. नाव घेतलं ‘डॉक्टर साहब’. डॉक्टर मी कधीच नव्हतो. चार इंग्रजी पुस्तकं वाचायची, सोपं करून लिहायचं. वाचक वाढले, जाहिराती लागल्या, परदेशातून चेक येऊ लागले. पाकीट देताना पोस्टमन जरा जास्तच रेंगाळला का? समोरचे दुकानदार भिया आज मान फिरवून का बसले?—असे ते दिवस.

लोक मेल पाठवत. बायकोला सांगितलं नसेल ते मला सांगत. मी उत्तरं द्यायचो—आणि मनात त्यांना हुडकत राहायचो. आपल्या मराठी मंडळींच्या गणपतीत आरतीला उभा राहिलो, की समोरच्या तरुणांचे चेहरे बघायचो. परवाचं ते पत्र याचं तर नव्हे?

एकदा धारहून पत्र आलं. नाव नाही. शाळेत शिकवतो, वडील नाहीत, आई आहे, लग्न ठरतंय, मुलगी देवासची. पण भीती वाटते—आपल्याकडून काही होणारच नाही. लग्न करू की नको?

मी लिहिलं, हा आजार नाही, धास्ती आहे. बिनघोर लग्न करा.

त्याच आठवड्यात शेजारचे शरदराव आले. माळव्यात आपली घरं मोजकी. स्थळ आलं, की त्या गावच्या जुन्या माणसाकडे चौकशी करायची आणि त्याचा शब्द शेवटचा मानायचा. मी मूळचा धारचा. आजोबा संस्थानात कारकून होते.

“अण्णा, आमच्या मेधाला तुमच्या धारचं स्थळ आलंय. विवेक. शाळेत मास्तर आहे, घरी फक्त आई. तुम्ही हो म्हणा, की हिला आजच लाडू वळायला बसवतो!”

विवेकला मी लहानपणापासून बघत आलेलो. त्याच्याबद्दल वाईट सांगण्यासारखा एक शब्द माझ्याकडे नव्हता.

“थांबा जरा,” मी म्हणालो.

“का हो? काही ऐकलंत?”

“तसं नाही… पण थांबा.”

ज्याला लग्न कर म्हणालो, तो हाच, अशी माझी खात्री होती. मग मुलीच्या बापाला थांबा का म्हणालो? माझ्या उत्तरावर माझाच विश्वास नव्हता का? की चार पत्रं वाचून मला सगळेच पुरुष लपवाछपवी करणारे वाटू लागले होते—माझ्यासारखे?

मेधा नागपूरला दिली. पण ‘अण्णा थांबा म्हणाले’ हे इंदूरला गेलं, उज्जैनला गेलं. कारण मी सांगितलं नव्हतं; ज्याने त्याने आपलं घातलं. विवेकचं पुढे कुठेच जमलं नाही.

दीड वर्षाने धारच्या त्याच पत्रवाल्याचे आभार आले. लग्न झालं, सगळं ठीक आहे, नुकतीच मुलगी झाली. विवेक तेव्हा बिनलग्नाचाच होता.

त्या दिवशी शरदरावांकडे जाता आलं असतं. चार घरी सांगता आलं असतं, की माझी चूक झाली. पण त्यांनी विचारलं असतं—अण्णा, तुम्हाला शंका आली कशावरून? मी गेलो नाही. ते आभाराचं पत्र मात्र ब्लॉगवर टाकलं. पुष्कळ वाचलं गेलं.

एका मुंजीत विवेकच्या आईने मला बाजूला घेतलं. “अण्णा, तुम्हाला माणसं कळतात. माझ्या मुलात काय कमी आहे हो?”

मी म्हणालो, “योग असावे लागतात, वहिनी.”

त्या आता नाहीत. ब्लॉगही मी केव्हाच बंद केला. विवेकमध्ये काही खोट नव्हती, कधीच नव्हती. ते इथे लिहून ठेवतो. त्याचे केस पिकलेत, एकटाच राहतो. मागच्या महिन्यात धारच्या बाजारात भेटला. हातातली भाजी खाली ठेवून, भर रस्त्यात त्याने मला वाकून नमस्कार केला.

मी पाय मागे घेतले नाहीत.