फुटाणेवालीची शंका

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कळंबच्या एका बारबाहेर एक बाई फुटाणे विकायची. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न बघता पुडी बांधायची.

दारू पिण्याचं कायदेशीर वय पंचवीसवरून एकवीस करावं का, यावर आम्ही त्या बारसमोरच सभा घेतली; तीही ऐकायला बसली होती. अध्यक्ष मीच. दोन पेग घेऊन संस्कृतीवर बोललो. तेवढ्यात ती उठली.

"पेनाऱ्याचं वय ठरवून राह्यले जी, मार खानारीचं किती पायजे?"

सारे हसले. "बाई, विषयाला धरून बोला," म्हणत मी तिला खाली बसवलं.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेलो आणि धीर यावा म्हणून आधी बारमध्ये शिरलो. बाहेर आलो तर ती म्हणाली, "पेलेल्या माणसाची माफी मी घरीच लय ऐकतो जी. उद्या बोला."

शुद्धीत असताना तो धीर मला कधीच झाला नाही.