शेवटची कधी?

बाईंना शेवटचं भेटलो तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला. तरी मला बघून त्यांनी दर गुरुवारचा प्रश्न विचारलाच, "शेवटची कधी?" मी म्हटलं, "दोन वर्षं झाली की, बाई." त्या "बरं" म्हणाल्या… चारच दिवसांपूर्वी मी कारखान्याच्या पाठीमागं उभं राहून एक क्वार्टर संपवली होती. जिना उतरताना ठरवलं, येत्या गुरुवारी येऊन खरं सांगायचं. बुधवारी सकाळी त्यांच्या एका विद्यार्थिनीचा फोन आला, "सर, मॅडम गेल्या."

सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. मी बाई म्हणायचो, कारण शिकवणाऱ्याला बाई म्हणतात एवढंच मला शाळेतलं आठवत होतं. मी गोंदियाकडचा. चौथीतून घरी बसलो आणि पुढं मामाबरोबर कबनूरला यंत्रमागावर कामाला आलो. बारा तास माग आणि उरलेल्या वेळात दारू. एकदा पिऊन, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. तो वाचला, मी तुरुंगात गेलो. बाई मानसशास्त्रज्ञ. गुन्हा करून आत आलेल्या व्यसनी माणसावर उपचार कसे करायचे, हे त्या कॉलेज संपवून आलेल्या पोरापोरींना शिकवायच्या, आणि त्यासाठी त्यांना घेऊन थेट आमच्यातच यायच्या.

पहिल्याच दिवशी एका पोरीनं मला विचारलं, "तुम्ही का पिता?" मी सांगितलं, लहानपणी बाप नदीत बुडाला, प्रेत मीच ओढून काढलं. पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी! मागून बाईंचा आवाज आला, "काय रे, मग गेल्या म्हैन्यात भेटाय आलता तो कोण? बुडालेला बाप व्हय?" सगळे खो खो हसले, मीपण हसलो. मग त्या पोरीकडे वळल्या. "'का' असं विचारलंस की माणूस कारण घडवून हातात देतो. कधी, कुठं, कुणासंगं, एवढंच विचार. आणि रडू नको गं. त्यानं तुला फसवलं न्हाय, त्याला तेवढंच येतंय." माझ्याविषयी इतकं खरं आजवर कुणी बोललं नव्हतं.

सुटल्यावर त्यांनी मला गुरुवारच्या वर्गात बसवलं. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायचे, मी जमेल तितकं खोटं बोलायचं, त्यांनी ते पकडायचं. बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं, "ह्यांना सर म्हणायचं." मी गावी फोन करून आईला सांगितलं, लोक मला सर म्हणतात. आई म्हणाली, "पिऊन बोलून राहिला का रे?"

तेव्हापासून भीतीच वाटत राहिली. एक घोट घेतला की हे 'सर' जाणार आणि मागं उरणार तो नुसता पाना घालणारा. दवाखान्यात त्या भीतीनंच खोटं बोललो. बाई रागावल्या नसत्या, हे माहीत असूनही… स्मशानात कुणीतरी म्हणालं, "सुटल्या बिचाऱ्या." मला वाटलं, त्या सुटल्या, आता माझं खोटं पकडणारं कुणी राहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी बाईंच्या जागी शिकवायला नवे सर आले. मला पुढं उभं करून म्हणाले, "मॅडमच्या कामाचा हा जिवंत पुरावा. दोन वर्षं एक थेंब नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. खरं बोललो तर बाईंचं सगळं काम वाया गेलं असं ठरेल, असं मनात आलं. तोंड उघडलं… आणि "आभारी आहे" म्हणालो. त्यानंतर दोनदा प्यालो.

वर्गात अजूनही दोन खुर्च्या तिरक्याच मांडतात. समोरासमोर बसवलं की माणसाला पोलीस आठवतो, असं बाई म्हणायच्या. तिरकं बसलं की खिडकीकडं बघत बोलता येतं. येत्या गुरुवारी त्या खुर्चीत बसून मी हे सगळं सांगणार आहे. म्हणजे, इथं तसं लिहितोय तरी. पोरं कितपत खरं मानतील, कोण जाणे. माझ्या शब्दावर विसंबू नका, हेच तर मी त्यांना दोन वर्षं शिकवत आलो.